पाणसळ

शिडी अकरा पायऱ्यांची. बारावीला वाकायचं,
नाहीतर झाकणाची कड कपाळात.
पहिल्या महिन्यात चार टेंगळं आली.
आता कळशी कमरेवर असली
तरी मान आपसूक खाली जाते.

खाली उद्यमनगर.
डावीकडे लेथ, उजवीकडे चौगुल्यांची फौंड्री,
मधल्या पत्र्याच्या शेडात
वाळू भरलेल्या आठ पिंपांवर
ही शिडाची बोट.
समुद्र? बावड्याचा घाट उतरायचा,
मग विचारत जायचं.

ह्यांनी ती वेंगुर्ल्याला लिलावात घेतली.
माझ्या पाटल्या गेल्या, भिशीही गेली.
आयुष्यभर लोकांच्या पंपांचे साचे केले,
आता म्हणाले, एक तरी साचा आपल्यासाठी.
तळाखालचं वजन बिडाचं आहे, इथंच ओतलेलं.
त्या दिवशी फौंड्रीतल्या पोरांना मी शिरा केला होता.
घर भाड्यानं दिलं, भाड्यातून रेझिन येतं,
आम्ही वर.

स्वयंपाकाला जागा दीड फळी.
उभी राहिले की सगळं हाताशी,
चटणीचा डबा, तांदूळ, गाळणं, रंधा.
परवा जिऱ्याच्या वाटीत पितळी स्क्रू होते.
एक फोडणीत पडला,
तडतडला नाही म्हणून सापडला.

भाकरी थापली की सगळी बोट वाजते,
रिकाम्या पखवाजासारखी.
फौंड्रीतला इजाज खालून ओरडतो,
"वैनी, कितवी?"
"पाचवी."
"मग माझी सहावी."
दोरीला डबा बांधून खाली सोडते.
डबा परत येतो तेव्हा त्यात
कधी हिरव्या मिरच्या असतात,
कधी नुसता धुतलेला डबा.

गल्लीत विचारतात, निघणार कधी?
दळण आणायला गेले तरी विचारतात.
मी सांगते, पीठ संपलं की.

शेगडी मात्र ह्यांनी मन लावून केली.
दोन खुंट्यांवर लोंबती.
बोट कलली तरी ही कलणार नाही, म्हणाले,
आमटीचा थेंब सांडणार नाही.
मी रोज एका बोटानं ढकलून बघते.
झुलते, थांबते.
जमिनीवरच्या बोटीत
पाळण्यासारखी एकटीच झुलते.

आज पहाटे दूध ठेवलं
आणि शेगडी वाकडी दिसली.
फळीपासून इकडे दोन बोटं, तिकडे तीन.
म्हटलं, अहो, तुमची शेगडी कलली.
उठले. चष्मा शोधला. पाणसळ आणली,
शेगडीवर ठेवली.
बुडबुडा बरोबर मधे.
फळीवर ठेवली,
बुडबुडा कोपऱ्यात पळाला.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग हळूच म्हणाले,
शेगडी सरळ आहे. बोट कलली.

डावीकडचं तिसरं पिंप खालून गंजलं होतं,
वाळू गळून गेली होती रात्रभर,
बारीक, आवाज न करता.
म्हणजे आम्ही घोरत होतो
तेव्हा ती हलली.
दोन वर्षांत पहिल्यांदा.
बोट, बोटभर.

इजाज जॅक घेऊन आला,
मागं दोन पोरं, ओंडका, पाचर.
हे खाली जाऊन वाकून बघतायत,
कानामागं पेन्सिल,
घाबरलेत, आणि मला खोटं का सांगा,
खूशही दिसतायत.
मी वरच राहिले.
उतरा म्हणाले, उतरले नाही.
पाठ भिंतीला लागत होती, आपोआप,
एक पाय जरा ताणलेला,
चमचा स्वतःहून फळीच्या कडेला निघालेला.
दुधात पावडर टाकली, साखर टाकली.
आलं किसलं.

"वैनी, उचलू काय?"

थांब म्हटलं.
चहा होऊ दे.